पत्ता सगळ्यात शेवटी

कामात लक्ष लागत नाही या तक्रारीवर कुणीतरी लिहिलंय, 'मोबाइल बाजूला ठेवा, मन आपोआप लागेल.' एडीएचडीत (लक्ष आणि उतावळेपणा आवरणं अवघड जातं, तो विकार) एवढ्यानं भागत नाही हो. लक्ष असतं, ते हवं तिथे वळत नाही. आवडीच्या कामात जेवायची शुद्ध राहत नाही, आणि जीएसटीचं रिटर्न मात्र 20 तारखेच्या संध्याकाळपर्यंत तसंच.

मी इंदूरला, सियागंजात एका ठोक दुकानाचे हिशेब बघतो. हमालांची ये-जा, फोन, चहा. मध्येच डोक्यात काही आलं ('त्या पार्टीला विचारायचंय') की कीबोर्डशेजारच्या वहीत एक ओळ खरडायची अन् चालू नोंदीवर परत. जेवणाआधी वही पाहिली की निम्म्या ओळी तशाच बाद होतात.

उतावळेपणालाही असाच आवर घालावा लागतो. रागाचा मेल लिहायचाच तर 'प्रति'ची जागा रिकामी ठेवा. पत्ता सगळ्यात शेवटी. व्हॉट्सअ‍ॅपवर ही सोय नाही, तिथे बोट आवरणं आलंच.

निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करून घ्या, रील बघून नको. मोठेपणी निदान करतानाही काही लक्षणं 12 वर्षांच्या आत दिसली होती का हे विचारतात. शाळेची प्रगतिपुस्तकं आईकडे असतील तर घेऊन जा. 'हुशार आहे, पण धांदरट' असले शेरे तिथे उपयोगी पडतात.