मदत हवी आहे: कुत्रा चावल्यावर लस घेतली, तरी जखमेत सिरम कशाला?

रानपाखरू: पुतणीला (4 वर्षं, 15 किलो) आज भटका कुत्रा पोटरीला चावला. दात रुतलेत, रक्त आलंय. लशीचा पहिला डोस दंडात झाला. डॉक्टर म्हणतात, जखमेत सिरमही आजच द्या. लशीने शरीर स्वतःच लढतं ना? मग पोरीला आणखी सुया कशाला? आजीचा हळद-चुन्याचा आग्रह वेगळाच.

पांढरपेशी: सिरम द्याच. लशीत रेबीजचा मारलेला विषाणू असतो. त्याला ओळखून बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) कामाला लागतात, पण रक्तात पुरेशा अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, यायला 7 ते 14 दिवस जातात. तेवढ्यात जखमेतला जिवंत विषाणू मज्जातंतूत शिरला, तर अँटिबॉडी तिथे नीट पोचत नाहीत आणि तो मेंदूकडे सरकत राहतो. लक्षणं दिसू लागली की रोगी वाचणं जवळजवळ अशक्य. सिरम म्हणजे तेवढ्या दिवसांपुरत्या उसन्या आणलेल्या अँटिबॉडी.

हिशोब: मानवी सिरम किलोमागे 20 युनिट, म्हणजे 300. घोड्याचं 40, म्हणजे 600. बाटलीवर मिलीमागे अनुक्रमे 150 आणि 300 युनिट लिहिलेले असतील, तर दोन्हींचे 2 मिलीच होतात. ते मावेल तेवढं जखमेत आणि तिच्या कडेने टोचायचं. विषाणू तिथेच आहे, नुसतं कमरेत देऊन काय उपयोग? जखमा जास्त असतील तर सलाइन मिसळून पुरवतात, पण युनिट वाढवत नाहीत. जादा सिरम लशीचाच परिणाम दाबतं. त्याच कारणाने लस आणि सिरम एका सिरिंजमध्ये किंवा एका जागी देत नाहीत.

गवतीचहा: आजींना सांगा, हळद-चुना अजिबात नको. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण 15 मिनिटं. विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, साबणाने ते फाटतं. धुणं घाईत उरकलं असेल तर आत्ता पुन्हा धुवा. टाके शक्यतो नकोत. घालावेच लागले तर सिरमनंतर, सैल. दंडात स्नायूत लस असेल तर पुढचे डोस 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी (पहिल्या डोसचा दिवस 0 धरून). कुल्ल्यात घेऊ नका, तिथल्या चरबीत ती नीट शोषली जात नाही.

रानपाखरू: इथे सिरम संपलंय म्हणतात. उद्या जिल्ह्याला गेलो तर?

पांढरपेशी: चालेल, पण उद्याच जा. पहिल्या डोसपासून 7 दिवसांपर्यंत देता येतं. पुढे शरीराच्या अँटिबॉडी तयार होऊ लागतात, मग देत नाहीत. लशीची कागदपत्रं जपून ठेवा. हा कोर्स पूर्ण झाल्यावर पुन्हा कधी चावा झाला, तर स्मृतिपेशी (विषाणू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) लगेच जाग्या होतात. तेव्हा 0 आणि 3 या दोनच दिवशी लस, सिरम नाही.