बुटक्या सिक्लिडवर पुस्तक घेताना काय तपासावं?

प्रश्न: अपिस्टोग्रामा हे बुटके सिक्लिड मासे पाळायचे आहेत, पुढे पिल्लंही काढायची आहेत. फोटोंचा जाड अ‍ॅटलास घ्यावा की प्रजननावरचं छोटं पुस्तक?

उत्तर १: आधी रामिरेझी या बुटक्या सिक्लिडचं पान उघडा. नाव ‘अपिस्टोग्रामा रामिरेझी’ छापलं असेल तर वर्गीकरण जुनं आहे. आता तो मिक्रोजिओफॅगस या वेगळ्या प्रजातीत धरतात. तेवढ्यावरून पुस्तक टाकून देऊ नका, जुन्या पुस्तकांतली वर्तनाची निरीक्षणं आजही उपयोगी पडतात. फक्त नावं नव्या यादीशी ताडून घ्या.
मादीचा फोटो हवाच, तोही अंडी राखतानाचा पिवळ्या रंगातला. नुसते नर छापणारे अ‍ॅटलास ओळख पटवायला कुचकामी!

उत्तर २: प्रजननासाठी आकडे बघा. ‘मऊ, आम्लधर्मी पाणी’ एवढंच लिहिलं असेल तर पुस्तक परत ठेवा. पीएच, वाहकता (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं माप) आणि तापमान प्रत्येक जातीला वेगळं दिलेलं हवं. काकाटुओइडिस ही अपिस्टोग्रामाची जात मध्यम कडक (जास्त क्षारांचं) पाणीही चालवून घेते; काळ्या पाण्यातल्या (कुजक्या पानांनी गडद झालेल्या, मऊ, आम्लधर्मी पाण्यातल्या) जातींची अंडी त्याच कडक पाण्यात पांढरी पडून मरतात.
लिंग-गुणोत्तराचा (पिल्लांतल्या नर-माद्यांच्या प्रमाणाचा) भाग आहे का तेही बघा. र्‍योमर आणि बाइझेनहर्झ या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवलं की बहुतेक अपिस्टोग्रामांत तापमान वाढलं की नर जास्त निघतात. हे न सांगणारं पुस्तक वाचून लोक टाकी ३० अंशांवर ठेवतात, मग माद्या मिळत नाहीत म्हणून हैराण.

प्रश्नकर्ता: म्हणजे दोन्ही लागणार!

उत्तर १: हो, पण प्रजननाचं आधी.