विषय: व्हॅनमधल्या फ्रिजचे कप्पे घाटात जागेवर कसे राहतील?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात पुण्याला येतोय. भोसरीत टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर बनतेय. तीत इन्व्हर्टरवर चालणारा घरगुती, एकदारी १९० लिटरचा फ्रिज बसणार आहे. काचेचे दोन कप्पे, खाली भाजीचा ट्रे. जायचंय ताम्हिणी उतरून कोकणात. बॉडीवाला म्हणतो, कप्पे आतून स्क्रूने पक्के करून टाकू. करू द्यावं का?

— डॅलसहून

———

> कप्पे आतून स्क्रूने पक्के करून टाकू

अजिबात नको, त्याला आजच फोन करा. बऱ्याच घरगुती फ्रिजच्या बाजूच्या भिंतींत, फोमच्या आत, गार करणाऱ्या गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात. कुठून फिरवल्यात ते बाहेरून कळत नाही. हल्लीच्या बहुतेक फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. मोजून काही ग्रॅमच, पण ज्वलनशील, आणि तुमच्या बंद गाडीत शेगडीही असणार. शिवाय फोममधली नळी फुटली की दुरुस्ती जवळपास अशक्य, फ्रिज भंगारात.

आता मूळ दुखणं. घरी आपण कप्पा काढतो कसा? पुढून जरा उचलतो आणि ओढतो. स्पीडब्रेकर उचलायचं काम करतो, घाटातलं वळण ओढायचं. नुसतं पुढे आडवं काही लावून भागत नाही ते यामुळेच. आधी कप्प्याचं उचललं जाणं थांबवा.

कप्प्याची कड ज्या खाचेत बसते तिथे कडेच्या वर दोन-तीन मिलिमीटर फट असते. त्या फटीत ३ मिमी जाडीच्या ईव्हीए फोमची (चपलेच्या तळव्यासारखा घट्ट, लवचिक फोम) ५ सेंटिमीटरची पट्टी दाबून बसवायची. प्रत्येक बाजूला पुढे एक, मागे एक, म्हणजे कप्प्यामागे चार. गोंद लावू नका, धुवायला काढावी लागेल. कप्पा बोटाने वर ढकलला तर हलता कामा नये, पण ताकद लावून सरकवला तर निघायला हवा. पट्टी फार जाड झाली तर खाचेचा प्लास्टिकचा ओठ फाकतो, आणि थंड प्लास्टिक तडकायला वेळ लागत नाही.

दोन कप्प्यांच्या मध्ये टेकू द्यायचा असेल तर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, दोन्ही टोकांना रबरी बूच. हे पुढच्या दोन कोपऱ्यांत, कप्प्याच्या प्लास्टिकच्या चौकटीखाली. काचेच्या मधोमध कधीच नाही. प्रत्येक कोपरा वेगळा मोजा. घरगुती फ्रिजमध्ये चारही मापं सारखी निघाली तर पेढे वाटा.

हे सगळं रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतं. कप्प्यांवर अंथरायची जाळीची न घसरणारी मॅट तुळशीबागेत.

— कोथरूडहून

———

इकडे आरव्हीच्या, म्हणजे राहायच्या गाड्यांच्या, फ्रिजसाठी स्प्रिंगच्या दांड्या मिळतात, भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बसतात. भाऊ, येताना चार-सहा बॅगेत टाका, एवढी खटपट कशाला?

— मेलबर्नहून

———

ताई, दांड्या चांगल्याच आहेत, पण कामं दोन आहेत. दांडी सामान अडवते, कप्पा नाही. कप्पा खाचेतून सुटला की दांडीखालून बाहेर येतो.

दुसरं, माप. त्या दांड्या बहुधा १६ ते २८ इंचांच्या, म्हणजे साधारण ४१ ते ७१ सेंटिमीटर. एकदारी फ्रिज आतून ४५च्या आसपास भरतो. तेवढ्या जागेत स्प्रिंग जवळपास पूर्ण दबलेली असते, सगळा जोर दोन छोट्या टोकांवर. आतलं प्लास्टिक पातळ, मागे नुसता फोम. खड्डा पडतो, मग तडा जातो. म्हणून टोकांखाली ४ सेंटिमीटर रुंद रबरी चकती द्या. दांडी कप्प्यापासून ६-७ सेंटिमीटर वर हवी. त्याहून खाली ठेवली तर उंच बाटली तिच्यावरून कोलमडते. फ्रिज पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा तपासा.

डॅलसकर, फ्रिजचं तोंड कुठे आहे ते लिहिलं नाहीत. सगळ्यात उत्तम म्हणजे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. सगळ्यात मोठा झटका ब्रेकचा, आणि तो मग कप्प्यांना पाठीच्या भिंतीवर दाबतो. आडवं तोंड असेल तर ताम्हिणीचं एका बाजूचं प्रत्येक वळण दारावर येतं. वीसच्या वेगाने १२ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तरी वस्तूच्या वजनाच्या साधारण पाव जोर बाहेर ढकलतो. आणि फ्रिज मागच्या चाकांच्या मागे नको, तिथे उसळी सर्वांत जास्त. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. सोसायट्यांपुढे उरलेल्या डांबराचे जे उंचवटे घातलेले असतात, त्यांना हा नियम कोणी वाचून दाखवलेला दिसत नाही.

दाराच्या चुंबकी रबरावर भिस्त नको. लहान मुलांसाठीचे चिकटपट्टीचे लॅच मिळतात, ते दोन लावा. एक वरच्या तिसऱ्या भागाला, एक खालच्या. आधी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. चिकटवल्यावर ७२ तास ओढू नका, चांगल्या ॲक्रिलिक टेपची पूर्ण पकड तेवढ्यात येते. दारात पाण्याच्या दोन लिटरच्या तीन बाटल्या म्हणजे ६ किलो बिजागरीवर लटकलेले. त्या खाली भाजीच्या ट्रेत आडव्या.

— कोथरूडहून

———

तोंड आडवं होतं. फ्रिज ड्रायव्हरच्या सीटमागे मागे तोंड करून घ्यायला सांगितलाय, ओटा ३० सेंटिमीटर कमी होईल. घरून इडलीचं पीठ, श्रीखंड आणि स्टीलचे डबे निघणारच. त्यांचं काय?

— डॅलसहून

———

ओटा गेला तरी चालेल, बरोबर केलंत.

पीठ अर्धा डबा, त्याहून जास्त नको. फ्रिजमध्येही ते थोडं फुगतं, आणि हिसक्यांनी झाकण उघडलं की मागच्या पाणी वाहून जायच्या भोकात जाऊन वाळतं. भोक तुंबलं की भाजीच्या ट्रेत तळं. डब्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन-दोन सेंटिमीटरचे रिंग कापून चढवा, खडखडाटही थांबतो आणि घसरणंही. लोणच्याची काचेची बरणी फ्रिजमध्ये हवीच कशाला?

मागे कंप्रेसरवर पाण्याची थाळी असते. निघायच्या आधी ती रिकामी करून तीत स्पंज दाबून ठेवा, नाहीतर पहिल्या चढाला पाणी वायरिंगवर.

सामान भरायच्या आधी चाचणी घ्या. तेवढ्याच वजनाच्या तांदळाच्या पिशव्या कप्प्यांवर, कप्प्याच्या कडेपासून भिंतीवर मास्किंग टेप, त्यावर पेनाने रेघ. मोबाइल टॉर्चसकट आत ठेवून व्हिडिओ चालू, आणि पाच-सहा स्पीडब्रेकर वीसच्या वेगाने. रेघ २ मिमीहून जास्त सरकली तर त्या कोपऱ्यातली पट्टी बदला.

— कोथरूडहून