गुळवेल अर्क: 2000 मिग्रॅला एक रॅट दगावली, 28 दिवसांचा डोस कसा ठरवायचा?

एमफार्म_दुसरं_वर्ष: गुळवेलीच्या खोडाचा 50 टक्के इथेनॉलमधला अर्क. ओईसीडी 423 (एका डोसच्या तीव्र विषारीपणाच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय पद्धत) प्रमाणे विस्टार जातीच्या रॅट माद्यांना 2000 मिग्रॅ/किलो दिला. पहिल्या तिघी ठणठणीत, दुसऱ्या तिघींपैकी एक दहा मिनिटांत गेली, उरलेल्या 14 दिवस ठीक. हा मृत्यू अर्कामुळे धरायचा का? आणि 28 दिवसांसाठी वरचा डोस 2000 चा दहावा भाग, म्हणजे 200 ठेवला तर?

पिंजरा_क्रमांक_सात: दहा मिनिटांत म्हणजे आधी गॅव्हेजवर (सुईने तोंडावाटे थेट पोटात डोस देण्यावर) संशय. शवविच्छेदनात श्वासनलिका उघडली होती का? तिथे किंवा फुप्फुसात तपकिरी द्रव असेल तर सुई चुकली. कारण नोंदवा, पण मेलेली रॅट गुपचूप बदलू नका, नैतिकता समितीला कळवा. अर्कामुळे धरला तरी सहांत एकाच मृत्यूने वर्ग बदलत नाही, एलडी50 (ज्याने निम्मे प्राणी मरतील तो डोस) 2000 च्या वरच राहतो.

चूक बहुधा घट्ट सस्पेन्शनमुळे होते. 200 ग्रॅमच्या मादीला 400 मिग्रॅ लागतात. 2 मिलित बसवायला गेलात तर मिलीला 200 मिग्रॅ, अर्धा टक्का सीएमसीत (दाटपणा आणणारा सेल्युलोज पदार्थ) त्याचा चिखल होतो, सुई तुंबते, आपण जोर लावतो. पाण्यातलं द्रावण 100 ग्रॅमला 2 मिलिपर्यंत चालतं, म्हणून 4 मिलित द्या. गोल टोकाच्या सुईची लांबी तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत बाहेरून मापून खूण करा. अडली तर ढकलायची नाही, काढून पुन्हा घालायची. रात्रभर उपाशी ठेवा, पाणी मात्र असू द्या.

विषशास्त्र_वाला: दहाव्या भागाची प्रथा प्रबंधांतून प्रबंधांत उतरत आलीय, तिला शास्त्राचा आधार नाही. ओईसीडी 407 मध्ये, म्हणजे 28 दिवसांच्या चाचणीच्या पद्धतीत, वरच्या डोसला विषारी परिणाम दिसावा ही अपेक्षा असते, नाही दिसला तर मर्यादा 1000. 200 वर थांबलात तर 'काही झालं नाही' यापलीकडे हाती काही लागणार नाही. 250, 500, 1000 आणि वाहक-नियंत्रण (अर्काशिवाय नुसता वाहक द्रव मिळणारा गट), प्रत्येकी 5 नर 5 माद्या. शिवाय नियंत्रण आणि 1000 चे 14 दिवस बरे होऊ द्यायचे उपगट.

अर्काचा हिशेब आधीच करा. 200 ग्रॅमच्या दहा रॅटना 1000 ने रोज 2 ग्रॅम, 28 दिवसांत 56. तिन्ही डोस मिळून 98, उपगट धरून 154. वजनं वाढतात, नर तर झपाट्याने, तेव्हा दीडपट ठेवा. मध्येच नवा घाणा काढला तर बॅच बदलली, अभ्यास गेला.

एमफार्म_दुसरं_वर्ष: म्हणजे तीव्र चाचणीत वाचल्या तरी 'सुरक्षित' लिहायचं नाही?

विषशास्त्र_वाला: नाही. 'एलडी50 2000 पेक्षा जास्त' एवढंच. एका डोसमधून यकृताबद्दल काहीच कळत नाही, आणि गुळवेलीत प्रश्न यकृताचाच आहे. 2021 मध्ये मुंबईतल्या रुग्णांचे यकृत-इजेचे अहवाल आले, तेव्हा आयुष मंत्रालयाने गुळवेलीच्याच कुळातल्या, तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. तेव्हा वनस्पतीतज्ज्ञाकडून ओळख पटवून नमुना हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) जमा करा. बाजारातल्या वाळक्या तुकड्यांवरून भरवसा नाही.

पिंजरा_क्रमांक_सात: एएलटी-एएसटीसाठी (यकृताची इजा दाखवणारी एन्झाइम्स) रक्त गोठायला अर्धा तास द्या, मग सेंट्रिफ्यूज. सीरम गुलाबी दिसलं तर एएसटी रक्तपेशी फुटल्याने फुगलेला असतो, तो यकृतावर लावू नका. यकृताचा तुकडा 5 मिमीपेक्षा जाड नको, नाहीतर फॉर्मॅलिन आत पोचत नाही आणि पॅथॉलॉजिस्ट तुमच्या सडक्या मध्यभागालाच नेक्रोसिस (जिवंतपणी पेशी मरणं) म्हणेल.