बाळाला जन्मतःच दात, हा पोटात कधी तयार झाला?

सांगलीचा_मामा: ताईला परवा मुलगी झाली, दोघी व्यवस्थित आहेत, पण बाळाच्या खालच्या हिरडीला पुढे एक दात आहे, छोटासा, पिवळट, बोट लावलं की हलतो. घरात लगेच सुरू झालं की मामाला वाईट असतं, काढून टाका. मला त्याचं काही नाही हो, पण एवढुशा जिवाचा दात उपटायचा म्हणजे कसंतरीच वाटतंय. आणि दात तर सहा महिन्यांनी येतात ना?

दातांची_डॉक्टर: अभिनंदन! आधी एक सांगते, घाईने काढू नका. दात हिरडीबाहेर सहा महिन्यांनी दिसतात, पण त्यांचं काम गर्भ साधारण ६ आठवड्यांचा असतानाच सुरू होतं, जबड्याच्या कडेने तोंडाच्या आतली त्वचा जाड होते आणि तिच्यावर वर दहा, खाली दहा अशा कळ्या धरतात, म्हणजे दुधाचे वीसच्या वीस दात. मग कळीचा आकार बदलत जातो, आधी टोपीसारखा, मग घंटेसारखा, त्याला आम्ही कॅप स्टेज आणि बेल स्टेज म्हणतो. वरचं चकचकीत इनॅमल त्या त्वचेच्या पेशी बनवतात, आतलं डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा कडक थर, आणि नस मात्र खालच्या वेगळ्या पेशींपासून होते. १४व्या आठवड्याच्या आसपास पुढच्या दातांच्या टोकाला कडकपणा यायला लागतो.

तुमच्या भाचीचा दात म्हणजे बहुतेक तिचा नेहमीचा दुधाचाच दात, कळी हिरडीच्या अगदी वरच्या अंगाला होती म्हणून लवकर बाहेर आला. मूळ अजून झालेलंच नाही म्हणून हलतो. असं साधारण दोन-तीन हजार बाळांत एकाला होतं, त्याचा मामाशी काहीएक संबंध नाही. काढला तर तिथे सहा-सात वर्षांची होईपर्यंत फट राहणार.

पिल्लूची_आई: आमच्याकडे पण असंच होतं, दाताची कड घासून जिभेखाली जखम झाली होती, डॉक्टरांनी कड जराशी गुळगुळीत करून दिली मग अंगावर प्यायला त्रास नाही झाला. ताईंना सांगा रोज जीभ उचलून बघत जा.

सूक्ष्मदर्शी: यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे जन्माच्या वेळी इनॅमलमध्ये एक रेघ उमटते, दुधाचा दात कापून मायक्रोस्कोपखाली धरला की पोटातलं इनॅमल कुठवर आणि बाहेरचं कुठून ते दिसतं!

सांगलीचा_मामा: खूप आभार सगळ्यांचे, आईला वाचून दाखवलं, ती जरा शांत झालीये. पण मग काढायचा तरी कधी?

दातांची_डॉक्टर: फारच लोंबकळत असेल, गिळला किंवा श्वासनळीत जाईल अशी भीती असेल तर काढावाच लागतो. पण लहान मुलांच्या डेंटिस्टकडूनच, आणि आधी बाळाला व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलंय का ते डिस्चार्जच्या कागदावर बघून घ्या, नाहीतर रक्त लवकर थांबत नाही. घरी दोरा बांधून वगैरे कुणालाही ओढू देऊ नका.