क्लासिक ३५० ला ऑइल कूलर बसवावा का? चंद्रपूर-नागपूर, मे महिना

चांदा_ते_बांदा:
नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, २०१४ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, सेकंडहँड घेतलेली आहे. नोकरी नागपूरला, घर चंद्रपूरला, त्यामुळे जाम-वरोरा-भद्रावती हा रस्ता माझा नेहमीचाच. हिवाळ्यात गाडी मस्त चालते, काहीच तक्रार नाही, पण आता पारा ४५ च्या वर गेल्यापासून वरोरा येईपर्यंत इंजिन इतकं तापतं की उजव्या पोटरीला चटके बसतात, पिकअप बसल्यासारखा वाटतो, हेडमधून (सिलिंडरच्या वरच्या भागातून) टकटक वाढते आणि सिग्नलला थांबलं की न्यूट्रल सापडतच नाही. गाडी बंद करून लिंबाखाली पंधरा-वीस मिनिटं उभी केली की परत ठीक. आधीच्या मालकाने सायलेन्सर बदललेला आहे, मोठ्या आवाजाचा, एअर फिल्टरही बाहेरचा टाकलाय. इथल्या एका दुकानवाल्याने सांगितलं की ऑइल कूलर (इंजिन ऑइल गार करणारी छोटी जाळी) टाकून घ्या, फिटिंगसकट सात हजार, सगळे प्रॉब्लेम संपतील. पैशाचं सोडा, पण इंजिनचं नुकसान होणार असेल तर नको आहे. कोणी बसवलाय का राजेहो? खरंच फरक पडतो का?

पाना_बावीस:
भाऊ, सात हजार खिशातच ठेव आणि आधी दोन गोष्टी बघ. तुझ्या पोस्टमधलं महत्त्वाचं वाक्य कूलरचं नाहीच आहे, सायलेन्सर आणि फिल्टरचं आहे. सायलेन्सर मोकळा केला, फिल्टर मोकळा केला की इंजिनात हवा जास्त जाते, पण कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तोच राहिला तर पेट्रोल त्या मानाने कमी पडतं. मिक्स्चर लीन झालं की हेड तापतं, लोडवर नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल आत अवेळी पेटून ठोके बसतात. ती टकटक तू टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) समजत असशील पण तुझ्या गाडीतल्या या युसीई इंजिनला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांचं सेटिंग करायचं नसतं. आवाज फक्त तापल्यावर आणि लोडवरच येत असेल तर तो नॉकिंगचा असण्याची शक्यता जास्त, आणि ऑइल फारच पातळ झालं असेल तर टॅपेटचाही असू शकतो.

त्यात आता पंपावर सगळीकडे ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी लागते. एफआय (फ्युएल इंजेक्शन) गाडीला निदान सेन्सर असतो, तो थोडंफार सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही, तो २०१४ साली जेवढं सोडायचा तेवढंच आजही सोडतो. म्हणजे तुझी गाडी सायलेन्सरमुळे लीन, फिल्टरमुळे लीन आणि पेट्रोलमुळेही लीन. हे तिन्ही तसंच ठेवून कूलर लावलास तर ऑइल दहा अंश गार होईल, पण पिस्टनच्या डोक्यावर जी आग चाललीय ती तशीच राहील. हवेने गार होणाऱ्या इंजिनचा पिस्टन जाम होतो तो बहुतेक वेळा अशाच कारणाने.

काय करायचं ते सांगतो. गाडी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका स्पीडला चालव, मग क्लच दाबून तिथेच इंजिन बंद कर, सिग्नलपर्यंत आयडलवर आणू नको नाहीतर प्लगचा रंग बदलतो. जरा थंड झाल्यावर प्लग काढ. बिस्किटी रंग असेल तर मिक्स्चर ठीक. पांढराफटक असेल, चिनीमातीवर बारीक ठिपके असतील तर लीन. मग कार्ब आणि हेडच्या मधलं रबर बघ, दहा वर्षांत ते कडक होऊन तडकतं आणि तिथून हवा ओढली जाते. गाडी आयडलवर ठेवून त्या रबराभोवती साबणाचं पाणी बारीक फवार, आयडल हललं तर लिकेज आहे समज. कार्ब क्लीनरचा फवारा गरम सायलेन्सरजवळ मारू नकोस, लोक मारतात आणि भडका होतो.

ऑइल कोणतं आहे आणि कधी बदललंय तेही लिही.

सोलापुरी_ऊन:
पाना दादांचं बरोबर आहे पण कूलरला एकदम मोडीत काढू नका. मी माझ्या ५०० सीसीच्या गाडीला लावलाय आणि समाधानी आहे. माझं चालवणं वेगळं आहे, सोलापूर-हैदराबाद, मागे बायको, दोन्ही बाजूला पेट्या, सलग ऐंशी-नव्वदला तास दीड तास. अशा वेळी ऑइलचं टेम्परेचर खरोखर दहा-बारा अंशांनी कमी दिसतं आणि संध्याकाळपर्यंत गिअर पहिल्यासारखेच पडतात. पण शहरात शून्य फरक. सात रस्त्याच्या सिग्नलला उभं राहिलं की कूलरला वाराच नाही, मग तो गार कशाने करणार? तुमचा त्रास सिग्नलचा जास्त असेल तर त्या भानगडीत पडूच नका.

आणि फिटिंग करताना मी दुकानात स्वतः बसून होतो ते बरं झालं. मिस्तरीने कूलर पुढच्या पाइपवर इतका पुढे बांधला होता की मी त्याला म्हटलं, आता फोर्क पूर्ण दाबून दाखव. दोघांनी मिळून हँडलवर वजन टाकलं, मडगार्ड कूलरच्या पत्र्याला जेमतेम बोटभर अंतरावर आलं. खड्ड्यात गेलं असतं तर सरळ कूलरच्या फिन्स (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्या) चेपल्या असत्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून होज कुठे ताणतोय का तेही बघायचं. होज ऑइलचाच पाहिजे, वरून स्टीलची जाळी असलेला, पेट्रोलचा पाइप लावून देतात काही जण, तो गरम ऑइलमध्ये मऊ पडतो. तो सुटला तर ऑइल थेट मागच्या टायरवर. इतकं सांगितलं की पुरे.

इंद्रायणी_काठ:
माझ्याकडे हिमालयन ४११ आहे, तिला कंपनीचाच कूलर आहे. इंटरसेप्टरला आहे, पल्सर २२० ला होता, करिझ्मा झेडएमआरला होता. तेव्हा कूलर ही वस्तू वाईट नाहीच. पण ज्या इंजिनला तो मुळातच दिलाय तिथे पंप, ऑइलचे रस्ते, एकूण ऑइल किती हे सगळं तो धरूनच ठरवलेलं असतं. नंतर बसवताना पहिला प्रश्न विचारायचा की किट ऑइल कुठून घेतं आणि कुठे सोडतं. सगळं ऑइल कूलरमधून फिरून मग क्रँकला आणि हेडला जाणार असेल तर होजची जाडी आणि कूलरची नळी यात प्रेशर खाल्लं जातं. आणि मधूनच फाटा काढून थोडंसंच ऑइल कूलरला पाठवत असेल तर तेवढं ऑइल दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं कमी होतं. दुकानदाराला याचं उत्तर देता आलं नाही तर तिथून निघा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नवीन ३५० चं जे-सिरीज इंजिन, म्हणजे २०२० च्या मीटिओरपासूनचं, त्याला एअर-ऑइल कूल्ड म्हणतात, पण बाहेर कूलर दिसत नाही. तिथे हेडच्या आतूनच ऑइल खेळवलंय. जुन्या युसीईला बाहेरून कूलर लावला म्हणून हेडच्या आत ऑइलचे ते रस्ते तयार होत नाहीत. कूलर खालचं ऑइल गार करतो, हेडचं मुख्य काम फिन्सच करतात. आणि कूलर नेमका त्याच फिन्सच्या समोर बांधला तर त्यांचा वारा तोच अडवतो. लेगगार्डवर बाटल्या, पिशव्या, पत्रे बांधलेले असतील तर तेही आधी काढा.

इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, बदल न कळवता क्लेम टाकला तर वाद घालायला त्यांना आयतं कारण मिळतं.

चांदा_ते_बांदा:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. पाना दादा, ऑइल २०डब्ल्यू५० (हा जाडपणाचा आकडा) मिनरल होतं, आधीच्या मालकाने टाकलेलं, किती चाललंय माहीत नाही. काचेतून पाहिलं तर लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली. प्लग काढला, पांढराच निघाला, ठिपके आहेत. रबराला खालच्या बाजूने तडा होता, वरून दिसतच नव्हता, साबणाचं पाणी मारल्यावर आयडल लगेच बसलं.

रबर नवीन टाकलं, मेन जेट दोन नंबर वरचा, ऑइल १५डब्ल्यू५० फुल सिंथेटिक, जेएएसओ एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीची खूण) लिहिलेलं बघूनच घेतलं. चुलतभावाकडून टेम्परेचर गन आणली आणि वरोऱ्याला उतरून इंजिनच्या खाली मारली तर ६८ दाखवते, म्हटलं हे कसं शक्य आहे, हात लावला तर भाजतंय. गनच खराब आहे का?

पाना_बावीस:
गन चांगली आहे, तू चकचकीत ॲल्युमिनियमवर मारलीस. पॉलिश केलेला धातू उष्णता फार कमी बाहेर टाकतो, त्यामुळे गनला आजूबाजूचंच प्रतिबिंब दिसतं आणि आकडा खोटा कमी येतो. इंजिनच्या तळाला, ऑइल काढायच्या बोल्टच्या शेजारी, रुपयाएवढी जागा पेट्रोलने पुसून घे आणि गरमी सहन करणारा मॅट काळा रंग लाव, सायलेन्सरला लावतात तो. पूर्ण वाळू दे. गन अगदी जवळ धरून फक्त त्या ठिपक्यावर मार, लांबून मारली तर भोवतालचा धातूही त्यात येतो. हा आकडा आतल्या ऑइलपेक्षा थोडा कमीच असेल पण दरवेळी एकाच जागेवर मोजलं तर तुलना करता येते.

चांदा_ते_बांदा:
काळा ठिपका लावला. दुपारी दोनला, बाहेर ४५, नागपूरहून न थांबता वरोरा, स्पीड सत्तर-पंचाहत्तर. ११२ आलं. पोटरीचा चटका आहे पण कमी, टकटक पूर्ण गेली, आणि न्यूट्रल लागतोय! पण मागे कोणी असेल आणि समोरून वारा असेल तर ११९ पर्यंत जातं. आता सांगा, हे जास्त आहे का? कूलर लावू की नको?

सोलापुरी_ऊन:
बाहेर ४५ असताना ११२ म्हणजे मी तर खूश होईन.

पाना_बावीस:
त्या उन्हात ११२ ठीक आहे. ऑइलच्या डब्यावरचा ५० हा आकडा १०० अंशांवरचा जाडपणा सांगतो, म्हणजे हे ऑइल त्या गरमीत काम करायलाच बनवलंय. उलट रोज ऑइल १०० च्या आसपास गेलंच पाहिजे, नाहीतर इंजिनात साचलेलं पाणी आणि पेट्रोलची वाफ उडून जात नाही. सिंथेटिक असताना ११९ ला मी घाबरणार नाही. सलग १३० च्या वर राहायला लागलं, तर मग कूलरचा विचार खरा.

आता हिशोब बघ. बाहेर ४५, ऑइल ११२, फरक ६७ अंशांचा. डिसेंबरात पहाटे बाहेर १२-१३ असेल तेव्हा तोच फरक धरला तर ऑइल ८० लाच अडकतं, कूलर नसतानाही. कूलर लावलास तर अजून खाली. म्हणजे तुझ्याकडे कूलर वर्षातले दोन-अडीच महिने उपयोगी आणि थंडीत त्रासाचा.

सोलापुरी_ऊन:
याला दुजोरा. सुरुवातीला माझ्या किटला थर्मोस्टॅट नव्हता. जानेवारीत घर ते ऑफिस चालवायचो तर ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय जमायची, पाणी मिसळल्याची. थर्मोस्टॅट टाकला, ऑइल ८० च्या वर गेल्याशिवाय कूलरकडे जातच नाही, तेव्हापासून साय बंद. थर्मोस्टॅट नसलेलं किट फुकट मिळालं तरी घेऊ नका. आणि कूलर लावल्यावर त्यात आणि होजमध्ये जाणारं ऑइल वेगळं धरायचं, पाच मिनिटं चालवून बंद करून परत काचेत लेव्हल बघून भरायचं.

इंद्रायणी_काठ:
आणि गाडीचं इंजिन कधी जाम झालेलं असेल किंवा बेअरिंग गेलेलं असेल तर जुना कूलर परत लावू नका, धातूचा चुरा आत नळ्यांमध्ये अडकून बसतो आणि नव्या इंजिनात सुटत राहतो. सेकंडहँड कूलर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांसाठी सांगतोय.

चांदा_ते_बांदा:
ठरलं, या उन्हाळ्यात कूलर नाही. जून लागेपर्यंत मागे कोणाला बसवायचं असेल तर सकाळी सहाला निघेन. ठिपका तसाच ठेवतो, दर महिन्याला मोजून इथे आकडा टाकतो. दुकानवाल्याला फोन केला होता, थर्मोस्टॅट आहे का विचारलं, तो म्हणाला लागत नाही. पाना दादा, कंपनीचा जुना सायलेन्सर एका ठिकाणी मिळतोय, तो लावला तर जेट परत खाली आणावा लागेल का?

पाना_बावीस:
सायलेन्सर आणि फिल्टर दोन्ही कंपनीचे लावलेस तर एक नंबर खाली आणून बघ, एकदम दोन नको, कारण ई२० आहेच. परत प्लग काढ, परत ११२ वाला रस्ता, त्याच वेळी, त्याच स्पीडला. आकडा ११५ च्या आत राहिला आणि प्लग बिस्किटी असला तर तिथेच थांब.