विंडोजवर चालणारी स्क्रिप्ट उबुंटूवर फाइल सापडत नाही म्हणते

गोरेगावकर: मुंबईतल्या शाखांचा रोजचा रिपोर्ट काढणारी पायथन स्क्रिप्ट आहे. लॅपटॉप विंडोज, टीममध्ये दोन मॅक, सर्व्हर उबुंटू. पूर्ण पाथ कोडमध्येच लिहिलेत आणि प्रत्येक मशीनसाठी वेगळा इफ-एल्स. शिवाय झेड: या शेअर्ड ड्राइव्हवरूनही वाचायचंय. नीट पद्धत कोणती?

परळचा_पायथन: इफ-एल्स काढून टाका. टेम्प्लेट, कॉन्फिग वगैरे स्क्रिप्टसोबतच फिरतात, त्यांचा पाथ स्क्रिप्टच्या जागेवरून काढा: पाथ(__फाइल__).रिझॉल्व्ह().पेरेंट. करंट डिरेक्टरीच्या भरवशावर राहू नका. क्रॉन (उबुंटूवर ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) होम फोल्डरमधून चालवतो. विंडोजवर हेच काम करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’ रिकामं सोडलं तर सहसा सिस्टम३२ या विंडोजच्या फोल्डरमधून. डेटा मात्र मशीनगणिक बदलणार, म्हणून तो पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (कोडबाहेर, त्या मशीनवर ठेवलेलं मूल्य) घ्या. व्हेरिएबल नसेल तर स्क्रिप्ट तिथेच एरर देऊन थांबवा. गुपचूप डिफॉल्ट धरलात की रिपोर्ट भलत्याच फोल्डरात जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

टर्मिनलवाला: वरचं बरोबर, पण खरी गंमत पाथ जोडताना होते. उजवीकडचा तुकडा / ने सुरू झाला तर पाथलिब (पायथनची पाथ हाताळणारी लायब्ररी, वरचं पाथ() तिचंच) डावीकडचं सगळं टाकून देतं (विंडोजवर फक्त ड्राइव्ह उरतो), एरर काही येत नाही. कॉन्फिगमधून आलेल्या तुकड्यांचा सुरुवातीचा स्लॅश आधी काढा.

विंडोजवर ‘/डेटा’ हा अ‍ॅब्सोल्यूट पाथ नाही, कारण ड्राइव्हच नाही. ‘सी:डेटा’ पण नाही. तो सी ड्राइव्हच्या करंट फोल्डरपासून मोजला जातो.

आणि बॅकस्लॅश हाताने लिहू नका. साध्या स्ट्रिंगमध्ये त्याच्यापुढे एन आला की नवी ओळ, टी आला की टॅब. लिनक्सवर तर \ हे फाइलनावातलं साधं अक्षर, त्यामुळे ‘रिपोर्ट\जून’ नावाची एकच फाइल तयार होते. / विंडोजवरही चालतो.

गोरेगावकर: विंडोजवर गिट बॅशमधून (गिटसोबत येणारं लिनक्ससारखं टर्मिनल) ‘/डेटा’ आर्ग्युमेंट दिलं तर स्क्रिप्टला गिटच्या इन्स्टॉल फोल्डरातला पाथ मिळतोय!

टर्मिनलवाला: तो बदल बॅश करतो, पायथन नाही. कमांडआधी एमएसवायएस_नो_पाथकॉन्व्ह=१ लावा.

परळचा_पायथन: झेड: राहिलं. ते मॅपिंग तुमच्या लॉगिन सेशनपुरतं असतं, सर्व्हिस अकाउंटने चालणाऱ्या टास्कला दिसत नाही. विंडोजवर \\सर्व्हर\शेअर असा पाथ द्या, उबुंटूवर तोच शेअर सीआयएफएसने (विंडोज शेअर जोडायची पद्धत) एका फोल्डरवर माउंट करा. ज्या त्या मशीनचा पाथ त्याच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. दादर शाखेच्या फाइलनावातला डी कॅपिटल आहे का तेही बघा. विंडोज आणि मॅक डिफॉल्टला फरक करत नाहीत, उबुंटू करतो.